एका स्क्रूड्रायव्हरपायी अडलेलं विमान

आमच्या फोरमनच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस स्वयंपाकघराच्या दारात थबकतोच. समोरच्या भिंतीवर एक मोठा पांढरा फळा आहे. त्यावर काळ्या रंगाने पळीची आकृती काढलेली, शेजारी चिमट्याची, मग किसणीची, गाळणीची, कात्रीची. प्रत्येक आकृतीच्या डोक्याशी एक खिळा आणि त्या खिळ्याला ती ती वस्तू. पळी आपल्याच सावलीवर टांगलेली असते. ती काढून घेतली की सावली उघडी पडते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगते, माझी पळी नेली हो कुणीतरी!

पाहुणे हसतात. वहिनी हसत नाहीत, कारण त्यांना त्या फळ्यासमोर रोज उभं राहावं लागतं.

वहिनी म्हणजे फोरमनची बायको. आणि फोरमन हे काही त्याचं हुद्द्याचं नाव नव्हे. ते आमच्या गावच्या शाळेत पडलं. गुरुजींनी त्याच्याकडे खडू सांभाळायला दिले होते. रोज शाळा सुटताना हा पठ्ठ्या खडू मोजून डबीत ठेवायचा. एकदा एक खडू कमी भरला. ह्याने दार अडवलं. म्हणाला, खडू मिळाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. आम्ही दप्तरं झाडली, खिसे उलटे केले, जमिनीवर लोळून बाकांखाली पाहिलं. गुरुजी आमच्यावर तोंडसुख घेत होते, तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, तुमच्या कानावर काय आहे?" खडू गुरुजींच्या कानावर होता. गुरुजी जन्मात कधी ओशाळले नव्हते, ते त्या दिवशी ओशाळले आणि म्हणाले, "फोरमन, सोड बाबा दार." तेच नाव त्याला कायमचं चिकटलं.

असा माणूस पुढे हवाई दलात गेला, आणि तिथे त्याला अगदी त्याच्या जोगतं काम मिळालं. विमान उडवणारे वेगळे आणि ते उडण्याजोगं ठेवणारे वेगळे. हा दुसऱ्यातला. विमानाच्या दुरुस्तीत एक नियम असतो. प्रत्येक हत्याराची आकृती फळ्यावर रंगवलेली असते. काम झालं की हत्यार आपल्या आकृतीवर परत गेलंच पाहिजे. एक जरी जागा रिकामी दिसली तरी विमान जागचं हलत नाही. कारण साधं आहे. इंजिनात विसरलेला पाना वर गेल्यावर स्वतःच्या मनाने फिरायला लागतो, आणि आभाळात काही गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडता येत नाही.

उभी हयात त्याने त्या फळ्यासमोर काढली. निवृत्त झाला आणि फळा सोबत घेऊन घरी आला. खरा फळा नव्हे, डोक्यातला. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरात आकृत्या रंगवल्या गेल्या. जेवण झालं की हा फळ्यासमोर उभा, हात मागे बांधून.

"चिमटा कुठे आहे?"

"असेल इथेच कुठेतरी."

"इथेच कुठेतरी ही जागा फळ्यावर नाही."

चिमटा सापडेपर्यंत वहिनींना झोपायला जाता येत नसे. शेवटी त्या एक दिवस माझ्याकडे आल्या, पदर खोचून, भांडायच्या तयारीने.

"भाऊजी, तुम्ही ह्यांचे लहानपणचे मित्र ना? मग ह्यांना कुठेतरी चिकटवा."

"वहिनी, ह्या वयात त्याला घेणार कोण?"

"फुकट घेतील की! वर मी डबा बांधून देते. फक्त सकाळी न्या आणि दुपारी आणा."

गावाबाहेर जुन्या धावपट्टीशेजारी हवाई दलाच्या विमानांचं संग्रहालय आहे. पूर्वीचा हँगरच तो, विमानं ठेवायची मोठी पत्र्याची शेड. आत रांगेने निवृत्त विमानं उभी असतात, छाती काढून, आणि लोक त्यांच्यासमोर फोटो काढतात. तिथे स्वयंसेवक हवे होते. मी फोरमनला घेऊन गेलो. संग्रहालयाच्या प्रमुख एक तरुण बाई होत्या, हुशार आणि मोकळ्या स्वभावाच्या, सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी विचारलं, "काका, काय करायला आवडेल तुम्हाला?" फोरमन त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होता. कोपऱ्यात एक छोटं पिवळं विमान उभं होतं, दोन आसनांचं, पुढे पंखा असलेलं. नव्या पायलटांना शिकवायला वापरत ते. ह्याने त्या जातीच्या विमानांवर वर्षानुवर्षं काम केलेलं. लग्नघरात जुनी वर्गमैत्रीण दिसावी तसा त्याचा चेहरा झाला.

त्या दिवसापासून फोरमन त्या विमानाचा आणि विमान फोरमनचं. तो त्याला पिवळी म्हणायचा. सकाळी डबा घेऊन जायचा, पिवळीच्या पोटात शिरायचा आणि दुपारी तेलकट हातांनी खुशीत परत यायचा. जुने भाग धुंडाळून, घासून, पुसून त्याने तिचं बंद पडलेलं इंजिन चालण्याजोगं करत आणलं. घरात वहिनींचा सकाळचा वेळ मोकळा झाला. त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला. भेटल्या की म्हणायच्या, "भाऊजी, तुमचे उपकार ह्या जन्मी फिटायचे नाहीत."

पण फोरमनने संग्रहालयातही फळा रंगवला, आणि तिथून नाट लागली.

एकदा शाळेची सहल आली होती. पोरं परत निघाली आणि ह्याच्या फळ्यावर पक्कड नाही. ह्याने हँगरचं दार ओढून घेतलं. मुलं आत, बस बाहेर, बसवाला हॉर्न मारून दमला. पक्कड सापडली ती फोरमनच्याच डब्याच्या पिशवीखाली, पण तोवर एका बाईंना भोवळ आली होती आणि पोरांनी रणगाडाविरोधी घोषणा सुरू केल्या होत्या. रणगाडा तिथे एकही नव्हता, पण पोरांना सांगणार कोण. दुसऱ्यांदा एक पाना हरवला म्हणून ह्याने संग्रहालयाच्या समितीची बैठकच थांबवली आणि सदस्यांना खुर्च्यांवरून उठवलं. समितीचे लोक खवळले. म्हणाले, "ही विमानं उडत नाहीत, उडणारही नाहीत. मग हा आटापिटा कशाला?"

"उडत नाहीत म्हणून त्यांच्या पोटात हत्यारं सोडायची?" फोरमन म्हणाला. "मेलेल्या माणसाच्या पोटातही कात्री ठेवून शिवत नाहीत."

मॅडमनी मध्ये पडून कसंबसं निभावलं. पण मग संग्रहालयाचा वर्धापनदिन आला, आणि ठरलं की त्या दिवशी सगळ्यांसमोर पिवळीचं इंजिन सुरू करायचं. उडवायचं नाही, जागेवरच चालवून दाखवायचं. प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त पायलटसाहेब येणार. मॅडमनी फोरमनला बोलावून घेतलं. मी तिथेच होतो, त्याचा डबा खात.

"काका, समितीने मला बजावलंय. उद्याच्या कार्यक्रमात तुमच्यामुळे काही अडलं, तर हत्यारांच्या कपाटाची किल्ली काढून घ्यायची आणि तुम्हाला घरी बसवायचं. माझा इलाज चालणार नाही हो."

"अडणार नाही," फोरमन म्हणाला. "पिवळी तयार आहे."

ही बातमी मी वहिनींना सांगितली. त्या मटकन खाली बसल्या.

"घरी म्हणजे... दिवसभर?"

"दिवसभर."

"मीही येते उद्या," वहिनी म्हणाल्या. "पहिल्या रांगेत बसते. काही झालं तर बघतेच मी."

वर्धापनदिनाची सकाळ. हँगरचं मोठं दार उघडून पिवळीला बाहेर आणलं होतं. चाकांपुढे लाकडी ठोकळे लावले होते. समोर खुर्च्या, बाजूला छोटं व्यासपीठ, त्यावर माइक. त्या माइकचा दांडा वाकायचा. मान धरून वर करावा आणि त्याने पुन्हा छातीवर मान टाकावी, पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखी. माइकवाला त्याच्याशी झटापट करत होता. हा माणूस घामाघूम, खांद्यावर वायरची भेंडोळी, तोंडात चिकटपट्टीचा तुकडा.

फोरमनने शेवटचं काम म्हणून इंजिनाचं झाकण लावलं, स्क्रू आवळले, पिवळीच्या नाकावरून हात फिरवला. मग तो हँगरच्या मागच्या खोलीत जुना गणवेश चढवायला गेला. आता तो गणवेश त्याच्या निवृत्तीच्या वेळचा, आणि फोरमनचं पोट निवृत्तीनंतरचं. खोलीतून वहिनींचा आवाज येत होता, "श्वास आत घ्या. अजून. अहो, अजून! पोट आत घ्यायला सांगितलं, खांदे वर करायला नाही." शेवटी दोन गुंड्या सोडून बाकी लागल्या. वहिनींनी त्या दोन जागा टाचण्यांनी जोडल्या आणि बजावलं, "हसायचं नाही, शिंकायचं नाही, खाली वाकायचं नाही."

पायलटसाहेब आले. गडी एकेकाळी देखणा असणार. आता देखणेपणाभोवती बराच ऐवज जमला होता. खिशात भाषणाच्या कागदांची जाडजूड गुंडाळी दिसत होती. चार जणांनी त्यांना ढकलून पिवळीत बसवलं. बसल्यावर त्यांनी खुशीत हात हलवला आणि म्हणाले, "आता मला बाहेर काढायचं कसं, ते तुम्ही बघा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरे वर गेले. आता रीत अशी, की फोरमनने सगळं तपासून सही करायची, मग पायलटने सही करायची आणि मग इंजिन सुरू. फोरमन सहीआधी फळ्यावर शेवटची नजर टाकायला हँगरमध्ये गेला. त्याच्या मागोमाग मीही.

फळ्यावर एक जागा रिकामी होती. लांब स्क्रूड्रायव्हर, लाल मुठीचा. आत्ताच ज्याने इंजिनाचं झाकण लावलं होतं, तोच.

फोरमन बाहेर आला, पिवळीसमोर उभा राहिला आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे धरले. हवाई दलात त्याचा अर्थ थांबा. लोकांना वाटलं सलामी आहे. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मॅडम धावत आल्या. "काका, काय झालं?"

"स्क्रूड्रायव्हर नाही जागेवर. इंजिन सुरू होणार नाही."

"काका!" मॅडमचा आवाज रडवेला झाला. "ते बघा, समितीचे अध्यक्ष घड्याळ बघताहेत. एक स्क्रूड्रायव्हर काका. नंतर शोधू ना!"

"नंतर शोधायला पंख्यासमोरची माणसं राहिली पाहिजेत."

वरून पायलटसाहेबांनी मान बाहेर काढली. "काय रे, काय भानगड आहे?"

"साहेब, हत्यार हरवलंय."

"अरे, मी सांगतो ना सुरू कर म्हणून! मी पायलट आहे."

फोरमनने टाचण्यांसकट ताठ उभं राहून सलाम ठोकला. "साहेब, सही होईपर्यंत विमान माझं. सही झाली की तुमचं. अजून माझं आहे."

पायलटसाहेब खाली मॅडमना म्हणाले, "हा खरा हवाई दलातला आहे बरं का. असल्या माणसांनी मला आयुष्यभर छळलं."

मॅडमनी मग सरळ प्रश्न विचारला. "झाकण लावताना तो आत राहिला असेल, असं वाटतंय ना तुम्हाला? मग झाकण उघडा आणि बघा. दोन मिनिटांचं काम."

फोरमन झाकणाच्या स्क्रूंकडे पाहत म्हणाला, "झाकण उघडायला तोच स्क्रूड्रायव्हर लागतो."

"दुसरा नाही?"

"त्या मापाचा तो एकच."

"नाण्याने उघड की!" वरून पायलटसाहेब ओरडले.

फोरमनने त्यांच्याकडे असं पाहिलं, की साहेबांनी नाणं परत खिशात टाकलं.

झालं. शोधाशोध सुरू झाली. लोकांनी खुर्च्यांखाली पाहिलं. अध्यक्षांनी आपले खिसे दाखवले आणि शेजारच्या सदस्यांचे तपासले. पिवळीची बैठक पाहायची म्हणून पायलटसाहेबांना अर्धवट उचलून धरलं आणि मी त्यांच्याखाली हात घातला. एक मोजा निघाला, लहान मुलाचा. मग चोखायच्या गोळीची काडी. मग एक कंगवा, एक फुगा आणि एका पेनाचं टोपण. टोपण पाहून मॅडम म्हणाल्या, "अय्या, हे माझं! फोटोसाठी बसले होते ना मी!" स्क्रूड्रायव्हर निघाला नाही. साहेबांना खाली सोडताना विमान केवढं हललं म्हणता!

ह्या गोंधळात माइकवाला दोनदा मॅडमपाशी आला. "मॅडम, जरा एक सांगायचं होतं..."

"आत्ता नाही! तू आधी तो माइक सांभाळ. लोक उठून चाललेत, मला बोलायचंय."

मॅडम माइकपाशी गेल्या. माइक आता ताठ उभा होता, एवढं एक बरं होतं. त्यांनी आवाहन केलं. "लाल मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर कुणाला दिसला असेल, तर कृपया आणून द्यावा." मग अध्यक्षांनी आवाहन केलं आणि त्यात संग्रहालयाचा इतिहासही सांगितला. मग फोरमन स्वतः माइकपाशी आला. "कुणी उचलला असेल तर मी काही म्हणणार नाही," एवढंच म्हणाला, पण असा गुरकावून म्हणाला, की हातात असता तरी कुणी कबूल झालं नसतं. माइकवाला तर स्पीकरच्या खोक्यामागे बसूनच गेला.

फोरमन हँगरमध्ये परतला आणि फळ्यासमोर उभा राहिला. मी शेजारी गेलो. मला वाटलं, तो रागावला असेल. पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"गड्या," तो हळू म्हणाला, "मी टांगला होता का रे तो?"

"म्हणजे?"

"झाकण लावल्यावर. इथे येऊन टांगला, असं वाटतंय. पण हात आठवत नाही. इतकी वर्षं हात आठवायचा. खिळ्यावर ठेवतानाचा हात. आज आठवत नाही." तो पुढे म्हणाला, "हरवलेलं हत्यार सापडतं. पण मी विसरायला लागलो असेन, तर त्यांनी किल्ली काढून घेतलेलीच बरी."

त्याने कमरेची किल्ली सोडली आणि मॅडमच्या हातात नेऊन दिली. कुणी मागितली नव्हती. पहिल्या रांगेत वहिनींनी ते पाहिलं. किल्ली ह्या हातातून त्या हातात गेली, आणि वहिनींच्या डोळ्यांसमोर येणारी सगळी वर्षं उभी राहिली असणार, चिमट्यासकट.

तोवर पायलटसाहेबांना विमानातून उपसून काढलं होतं. लोकांना धरून ठेवायचं म्हणून मॅडमनी त्यांना विनवलं, "साहेब, तुम्ही एकदा सांगा ना. तुमचं ऐकतील." साहेब माइकपाशी गेले. डाव्या हाताने माइकचा दांडा पकडला, उजव्या हाताने खिशातले कागद काढले, आणि लोक खुर्च्यांत खाली सरकले.

"मित्रहो, स्क्रूड्रायव्हर ही छोटी गोष्ट वाटते," साहेबांनी सुरुवात केली, आणि पुढे स्क्रूड्रायव्हर बाजूला राहिला. त्यांचं पहिलं उड्डाण आलं. मग दुसरं आलं. ढग आले, वादळ आलं, बकऱ्यांच्या एका कळपावर उतरलेलं विमान आलं. भावनेच्या भरात ते तो दांडा मुठीत आवळून हलवत होते. मी कबूल केलं पाहिजे, बकऱ्यांचा किस्सा फर्मास होता. मी नंतर तो दोनदा वापरला.

सगळे साहेबांच्या तोंडाकडे पाहत होते. वहिनी मात्र साहेबांच्या मुठीकडे पाहत होत्या. त्यांनी मान एका बाजूला कलती केली. मग दुसऱ्या बाजूला. डोळे बारीक केले. मग उठल्या, पदर सारखा केला, तरातरा व्यासपीठावर गेल्या आणि भाषण चालू असताना म्हणाल्या,

"साहेब, जरा हात काढता का तिथून?"

माइक चालूच होता. सगळ्या मैदानाला ते ऐकू गेलं.

साहेबांनी दचकून हात काढला. दांड्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, मोडलेल्या पायाला फळी बांधावी तशी. वहिनींनी नखाने पट्टीचं टोक उचललं आणि फर्रकन ओढलं. आतून लाल मूठ दिसली.

मैदानावर एवढी शांतता पसरली की स्पीकरमागे बसलेल्या माइकवाल्याचा श्वास ऐकू आला. मग तो स्वतःच बाहेर आला, दोन्ही हात वर करून.

"मी सांगणार होतो! दोनदा सांगायला आलो होतो! माइकची मान पडत होती, म्हणून आधाराला काहीतरी बघत होतो. फळ्यावर हा दिसला. काका त्या खोलीत श्वास आत घेत होते, मग विचारू कुणाला? कार्यक्रम झाला की लगेच टांगणार होतो. मग काकांनी ते हात वर केले, आणि माझं पाणीच झालं."

"फळ्यावर दिसला?" फोरमनने विचारलं. "फळ्यावर टांगलेला?"

"हो की! खिळ्याला. अगदी त्या चित्रावर बसवलेला."

फोरमनने डोळे मिटून घेतले. मग एकदम एवढ्या मोठ्याने हसला, की दोन्ही टाचण्या उडाल्या. एक अध्यक्षांच्या दिशेने गेली, ते वाकले म्हणून वाचले.

"म्हणजे तो विमानात नव्हताच," समितीचे एक गृहस्थ फणकाऱ्याने म्हणाले. "उगीच अडवून धरलं की सगळ्यांना!"

"नव्हता, हे आता कळलं ना," फोरमन म्हणाला. "मग आता सुरू करता येईल."

त्याने स्क्रूड्रायव्हर दांड्यातून ओढून काढला. माइकने लगेच मान टाकली आणि साहेबांचं भाषण तिथेच बंद पडलं. ह्या वेळी ज्या टाळ्या पडल्या, त्या सबंध दिवसात सर्वांत मनापासून होत्या. फोरमन हँगरमध्ये गेला, सगळ्यांच्या देखत स्क्रूड्रायव्हर खिळ्याला लावला आणि पुटपुटला, "हात. हा बघ हात." मग त्याने येऊन सही केली. साहेबांना पुन्हा ढकलून आत बसवलं, त्यांनी सही केली. फोरमनने दोन बोटं गोल फिरवली.

पिवळी आधी खोकली. मग शिंकली. मग काळा धूर सोडून नाराजी दाखवली. आणि मग तिचा पंखा असा फिरला, की दिसेनासा झाला. आवाज छातीत घुसला. साहेबांच्या भाषणाचे उरलेले कागद हवेत उडाले आणि धावपट्टीच्या टोकापर्यंत गेले. ते आणायला कुणीही धावलं नाही. अध्यक्षांची टोपी गेली, मॅडमचे केस पार विस्कटले, आणि आत पायलटसाहेब लहान पोरासारखे काहीतरी ओरडत होते, जे कुणालाच ऐकू आलं नाही. फोरमन पंख्याच्या वाऱ्यात गुंड्या उघड्या टाकून उभा होता. माझं लक्ष वहिनींकडे गेलं. त्या पिवळीकडे पाहतच नव्हत्या. त्यांची नजर मॅडमच्या मुठीतल्या किल्लीवर होती.

इंजिन थांबलं. कानात दडे बसले होते, म्हणून सगळेच ओरडून बोलत होते. मॅडम फोरमनपाशी आल्या, केस मागे सारत.

"काका! उद्यापासून..."

वहिनींनी माझा दंड एवढा आवळला, की त्याची खूण अजून असेल.

"...उद्यापासून सहलीच्या मुलांच्या वेळी दार लावायचं नाही. हत्यार हरवलं तर आधी मला सांगायचं, मग जगाला. कबूल?"

फोरमनने थोडा विचार केला. "आधी तुम्हाला. कबूल. पण विमान हलणार नाही."

"नाही हलणार," मॅडम म्हणाल्या आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "आणि समितीला मी सांगते. ह्या कार्यक्रमात काही अडलं असेल, तर ते माइकमुळे अडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोरमन डबा घेऊन गेला. जाताना त्याने संग्रहालयाच्या फळ्यासाठी काळा रंग घेतला होता. म्हणाला, माइकवाल्यासाठी एक नवी जागा रंगवायचीय, तिथे एक खिळा आणि एक जाड काठी राहील, माइकच्या मानेपुरती. तो वळणावरून दिसेनासा झाला, तशा वहिनींनी खिडकीतून हाक मारली, "भाऊजी, गेले हो! या चहाला."

मी गेलो. स्वयंपाकघराच्या दारात थबकलो. फळ्यावर पळीच्या जागी चिमटा होता. चिमट्याच्या जागी गाळणी. कात्री उलटी लटकत होती, आणि किसणीच्या सावलीवर वहिनींनी चक्क आपली वेणीची रिबीन टांगली होती. पळी कुठेच नव्हती. ती ओट्यावर, चहाच्या भांड्याशेजारी, आडवी पडून आराम करत होती.

"वहिनी, हे काय?"

"दुपारी येतील ना ते," वहिनी चहा ओतत म्हणाल्या. "त्याआधी लावते सगळं जागेवर. मला पाठ आहे, डोळे मिटून लावीन. पण तोवर त्या बिचाऱ्यांना वाटेल तिथे बसू दे की!"

आणि कशी कुणास ठाऊक, त्या चहाला त्या दिवशी काही वेगळीच चव होती. दुसरा कप मी मागून घेतला आणि पायलटसाहेबांच्या बकऱ्यांचा किस्सा पहिल्यांदा वहिनींनाच सांगितला. त्या म्हणाल्या, "मी तिथेच होते, भाऊजी." मी म्हटलं, "तुम्ही मुठीकडे बघत होता, ऐकलं कुठे?" हे त्यांना पटलं, आणि त्यांनी तो पुन्हा नीट ऐकून घेतला.